औषध घेतलंय का?

आमच्या भागात 'औषध' हा शब्द जपून वापरावा लागतो. डॉक्टर देतो ते औषध. बागेवर मारतात तेही औषधच. आणि 'त्यानं औषध घेतलं' असं कुणी आवाज खाली करून सांगितलं, तर त्याचा अर्थ तिसराच. सांगलीत इतकी वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस केल्यावर हे मला वेगळं कळायला नको होतं. पण त्या रात्री मी हाच शब्द धरून बसलो आणि दीड तास घालवला. (पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नवरात्र चालू होतं. सव्वानऊला कॅज्युअल्टीतून रजिस्ट्रारचा फोन आला. "सर, तासगावकडून पेशंट आलाय. द्राक्षबागेतला मजूर, अडतीस वर्षांचा. ओपी म्हणून पाठवलाय, पण मला पटत नाहीये."

ओपी म्हणजे ऑरगॅनोफॉस्फरस, कीटकनाशकाची विषबाधा. फळछाटणीच्या दिवसांत बागेतला माणूस उलट्या करत आला की आमच्या हाताला आधी तेच निदान लागतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

जाऊन पाहिलं तर माणूस लाल होता. उन्हानं रापतो तसा नव्हे. चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग कुणी शेंदरानं माखावा तसा. डोळे तांबारलेले. घामानं बनियन अंगाला चिकटलेला. पल्स १४६, बीपी ८०/५०. ताप नाही. एका हातानं तो छाती दाबत होता आणि दुसऱ्या हातानं कॉटचा दांडा धरून म्हणत होता, "काळीज भाईर येतंय, डाक्टर."

ओपीत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, छाती भरून येते, स्नायू फडफडतात. इथं यातलं काहीच नव्हतं. छाती स्वच्छ, बाहुल्या थोड्या मोठ्याच. पण चिठ्ठीवर लिहिलं होतं की तिकडे अॅट्रोपिनच्या दोन अँप्युल दिल्यात. अॅट्रोपिननं नाडी पळते, बाहुल्या पसरतात, चेहराही लाल होतो. म्हणजे आजाराची लक्षणं कुठली आणि उपचाराची कुठली, हाच गोंधळ. रजिस्ट्रार म्हणाली, "पॅम सुरू करू का, सर?" पॅम म्हणजे ओपीवरचा उतारा.

"थांब," म्हटलं. दोन अँप्युल म्हणजे १.२ मिलिग्रॅम. एवढ्यात माणूस असा पेटत नाही. शिवाय अॅट्रोपिननं घाम आटतो, आणि हा तर निथळत होता. बीपी पडायचंही कारण नव्हतं. सोबत आलेल्या आत्तेभावाला विचारलं, लाल कधी झाला? "इंजेक्शनच्या आदीच. गाडीवनं उतरला तवाच तोंड भाजल्यागत झालतं."

मग नेहमीची शोधाशोध. ईसीजीत नाडी वेगवान आणि थोडा बदल, पण हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्ट निगेटिव्ह. साखर नॉर्मल. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. अंगावर गांधी नाहीत, घशाला सूज नाही, तरी अॅलर्जीची इंजेक्शनं देऊन झाली. फरक शून्य. सलाईन जोरात चालू होतं आणि बीपी ८४ च्या वर सरकत नव्हतं.

आणि मी सारखा विचारत होतो, "औषध घेतलंय का? खरं सांगा."

त्याची बायको दाराशी उभी होती. अंगावर शेतातला फुल बाह्यांचा शर्ट तसाच, त्यावर पदर. "आवं, कशापायी घील त्यो औषध? कर्ज न्हाई, भांडान न्हाई."

"मग फवारणी केली का आज?"

"न्हाई."

"काल? परवा?"

"आठ दिस झालं, पंपाला हात लावला न्हाई त्यानं. इचारा की कुणालाबी."

मी केसपेपरवर लिहिलं: फवारणीचा इतिहास नाही. तिनं मला एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं.

इतक्यात बायकोचा फोन. माझ्या बायकोचा. "बाबा घरात नाहीत."

वडिलांना विस्मरण जडून तीन वर्षं झाली. निवृत्त शिक्षक, गावभागात सगळा जन्म गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या जुन्या घराचा खालचा मजला छतापर्यंत बुडाला. चाळिसाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. सत्तावन्न कुणी धरलेलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबा तिथं आले, पण रुजले नाहीत. थोरल्या भावाचं म्हणणं, त्यांना पुण्याच्या एखाद्या केअर सेंटरमध्ये ठेवू. माझं म्हणणं, नको. बायकोचं म्हणणं, नको म्हणणारा माणूस घरी असतो किती वेळ? याला उत्तर नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा यावरूनच आमची जुंपली होती आणि मी चहा अर्धा टाकून निघालो होतो.

"कधी गेले?"

"नऊला. मी पार्किंग बघितलं, समोरचं देऊळ बघितलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं. कुणी पाहिलं नाही."

"काही बोलले का जाताना?"

"नाही काही."

"नीट आठव. काही तरी बोलले असतील."

"खाली जाऊन येतो म्हणाले, एवढंच. मला वाटलं, कट्ट्यावर बसतील."

कॅज्युअल्टीच्या दारात उभा होतो तो तसाच राहिलो. जुन्या घरात 'खाली' म्हणजे जिना उतरून नव्हे. खाली म्हणजे नदीवर. आजी घाटावर निघाली की हाक मारून सांगायची, 'खाली जाऊन येते गं.' बाबांनी कुठं जातोय ते व्यवस्थित सांगितलं होतं.

"घाटावर जा," मी म्हणालो. "शेजारच्या पोराला गाडी काढायला सांग. नाही तर पुलावर असतील."

मला जायला हवं होतं. पण ८४ बीपीचा माणूस रजिस्ट्रारवर सोडून कसा जाणार? फोन खिशात टाकला आणि आत आलो. नंतर बायको म्हणाली, "तू तेव्हा नुसता 'येतो' म्हणाला असतास तरी चाललं असतं." तेही खरंच होतं.

आत वेगळंच चाललं होतं. पेशंटला आयसीयूत हलवायचं म्हणून इन्चार्ज सिस्टर त्याच्या खिशातल्या वस्तूंची यादी करून बायकोच्या ताब्यात देत होत्या. मोबाइल एक. रोख चौदाशे चाळीस. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. आणि शर्टाच्या वरच्या खिशातून निघाली तुळशीची माळ.

ती बाई माळेकडं बघत राहिली. आषाढीला पंढरपुरात घातलेली माळ. गळ्यातली माळ खिशात कधी जाते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. आत्तेभावानं मान खाली घातली.

"किती घेतली?" मी त्याला विचारलं.

"क्वार्टरबी न्हाई सर. दोन घोट घेतलं आन् तोंड लाल व्हाया लागलं. आठवड्याचा हिशेब झालता म्हणून बसलो जरा..."

दोन घोट दारू, आणि माणूस लाल, धडधड, उलट्या, बीपी जमिनीवर. आता रजिस्ट्रारचेही डोळे चमकले. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या लिहिताना 'यावर दारू पिऊ नका' असं आम्ही सगळेच पेशंटला बजावतो. पण असं धडधडीत चित्र पाहिलं की पहिली आठवण होते डायसल्फिरामची. दारू यकृतात फुटते तेव्हा आधी अॅसिटाल्डिहाइड तयार होतं. एक एन्झाइम लगेच त्याचा निकाल लावतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच अडवतं, मग ते अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं आणि घोटभर दारूही अंगावर उलटते. १९४८ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यावरूनच त्याला दारू सोडवायच्या उपचारात आणलं. आणि आपल्याकडं घरोघरच्या बायका नवऱ्याच्या चहात, आमटीत गुपचूप घालतात तेही बऱ्याचदा हेच.

म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या मऊ आवाजात पुन्हा तेच विचारलं. "दारू सोडायचं काही औषध दिलं होतं का त्याला? न सांगता? मी कुणाला सांगणार नाही."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या अजून लक्षात आहे. "मघापास्नं तुमी तेच लावलंय. आदी म्हणला त्यानं औषध घेतलं, आता म्हणताय म्या घातलं. घातलं असतं तर छातीला हात लावून सांगितलं असतं. त्याला माळ घालाय लावली, त्येच माजं औषध."

माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही.

सिस्टर सलाईनची पट्टी बदलत होत्या. त्यांनी पेशंटचा हात दिव्याखाली धरला. नखांच्या कडेनं, बोटांच्या पेरांवर तांबडा रंग बसला होता. मी तो आल्या आल्याच पाहिला होता. नवरात्रातला गुलाल-कुंकू असेल म्हणून सोडून दिला होता. सिस्टरचं माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं, घरची दोन एकर द्राक्षं. त्यांनी मला काही सांगितलंच नाही. सरळ त्या बाईला विचारलं, "ताई, पेस्टिंग चालू हाय काय?"

"व्हय. तीन दिस झालं. उक्तं घेतलंय."

द्राक्षाची छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पाणी लावतात. त्याला इकडं पेस्टिंग म्हणतात. कुठली काडी झाली, कुठली राहिली हे दिसावं म्हणून त्यात गेरू कालवतात. एका हातात त्या पाण्याचा मग, दुसऱ्या हातात कापडाचा बोळा, आणि दिवसभर एकेक डोळा पुसत जायचं. मालकानं हातमोजे दिलेले असतात, पण मोज्यात बोळा नीट पिळता येत नाही आणि उक्त्या कामात सवडही नसते. हे रसायन कातडीतून आत शिरतं, आणि नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. सायनामाइडच्याच जातीचं कॅल्शियम कार्बिमाइड एके काळी दारू सोडवायला गोळी म्हणून वापरायचे. डब्यावर लिहिलेलं असतं, काम करताना आणि नंतर दारू घेऊ नये. पण मजुराच्या हातात मग येतो, डबा येत नाही.

आणि कुणाच्याच लेखी ही फवारणी नव्हती. पंप नाही, वास नाही, किडीसाठी नाही. 'औषध मारणं' वेगळं, 'पेस्टिंग' वेगळं. मी तिला चार वेळा विचारलं आणि तिनं चारही वेळा खरं सांगितलं.

रजिस्ट्रार 'सायनामाइड' ऐकून दचकली. "सर, म्हणजे सायनाइड?" नाही. नावं जवळची, काम वेगळं. सायनाइडचा उतारा इथं काही कामाचा नाही. खरं तर कुठलाच उतारा नव्हता. फोमेपिझोलनं दारूचं रूपांतर वरच्या पायरीवरच थांबवता येतं, पण रात्री साडेदहाला ते आणणार कुठून? ऑक्सिजन, सलाईन, बीपी उचलायला थोडं नॉरअॅड्रेनालिन, आणि वाट बघणं. पॅम दिलं नाही याचा मात्र त्या रात्री फार आनंद झाला. ओपीत जे एन्झाइम घटतं त्या कोलिनएस्टरेझचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, नॉर्मल.

आत्तेभावाला मुकादमाला फोन लावायला सांगितला. टोळीत नऊ जण, त्यात सहा बायका. बायका ठणठणीत, तीन दिवस तेच काम, पण दारू नाही. दुसरा एक गडी घरी डोक्याला फडकं बांधून पडला होता, पित्त झालंय म्हणून. त्यानंही संध्याकाळी घेतली होती. त्याला बोलावून घेतलं. त्याचा लालपणा ओसरत आला होता. बायकांना काहीच होत नाही म्हटल्यावर त्या गेरूच्या पाण्यावर संशय घेणार तरी कोण?

पावणेबाराला घरून फोन आला. बाबा घाटाच्या पायऱ्यांवर सापडले. रिक्षानं गेले होते, रिक्षावाल्याला पत्ताही बरोबर सांगितला होता. पाण्याजवळ बसून पुलाकडं बघत होते. बायकोनं फोन त्यांच्याकडं दिला.

"काय रे, पाणी किती झालं?"

"उतरलंय, बाबा. पार खाली गेलंय."

"बघितलंस का तू?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन बहुधा तसाच मांडीवर ठेवला. पलीकडून बराच वेळ नुसता नदीकाठचा वारा ऐकू येत होता.

दोनच्या सुमारास पेशंटचं बीपी १०४ वर आलं, नॉरअॅड्रेनालिन बंद केलं. पहाटेपर्यंत लाली मानेपुरती राहिली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना मी समजावून सांगितलं: पेस्टिंग झाल्यावर निदान आठ दिवस दारूचा थेंब नाही, दोन दिवस आधीही नाही, आणि हातमोजे घालायचेच.

त्यानं मान डोलावली. बायकोनं नाही डोलावली.

"डाक्टर, आठ दिस कशाला सांगताय? नवव्या दिसाला जाऊन बसंल ह्यो."

"मग काय सांगू?"

तिनं कमरेची पिशवी उघडली, आत माळ आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा नाडी आवळली. "तुमी काय बी सांगू नगा. ही माज्यापशी हाय. मागंल तवा बघू."

तो कॉटवर बसून चपला शोधत होता. नखातला गेरू अजून गेला नव्हता.