तुम्ही विचारलंत म्हणून: बिनपाटीच्या घराचा इतिहास

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, बालगृहांबद्दल मी बोलायला लागले की हा प्रश्न हमखास येतो: आठ-दहा मुलांचं एखादं घर, काही वर्षं चाललं आणि बंद झालं. त्याचा कसला आलाय इतिहास?

माग लागत नाही, हे खरं. पण ते घर कुणाच्या नजरेत भरू नये, असंच ठरवून केलेलं होतं. आणि त्यामागचा हेतू चांगला होता.

१९४४ च्या जुलैत मुलांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या लेडी ॲलन ऑफ हर्टवूड यांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून संस्थांमधल्या मुलांच्या स्थितीकडे लक्ष वेधलं. पुढच्याच जानेवारीत श्रॉपशरमधल्या एका शेतावर डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा उपासमारीने आणि मारहाणीने मेला. त्याला तिथे ठेवलं होतं ते कौन्सिलनेच. आईवडिलांविना वाढणाऱ्या अशा मुलांची चौकशी करणाऱ्या मायरा कर्टिस यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. गरिबांसाठीच्या जुन्या वर्कहाउसच्या इमारतींत मुलं तेव्हाही राहत होती. मग १९४८ चा चिल्ड्रन ॲक्ट झाला आणि कौन्सिलांना मुलांसाठी वेगळी समिती आणि चिल्ड्रन्स ऑफिसर नेमावा लागला.

कर्टिस समितीचा कल असा, की मूल शक्यतो एखाद्या कुटुंबात वाढावं. ते जमलं नाही तर लहान घरात, जास्तीत जास्त बारा मुलं, आठच असतील तर उत्तम. कल्पना अगदी नवी नव्हती. शेफील्डच्या पुअर लॉ मंडळाने, म्हणजे गरिबांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने, १८९३ मध्येच साध्या वस्त्यांत विखुरलेली घरं सुरू केली होती. १९४८ नंतर कित्येक कौन्सिलांनी आपल्याच नव्या वसाहतींतली दोन लागून असलेली घरं एकत्र केली आणि तिथे मुलांना सांभाळायला हाउसमदर नेमली. दारावर पाटी नाही, अंगावर गणवेश नाही, शाळा जवळचीच. वर्कहाउसचा शिक्का मुलांवर बसू नये म्हणून केलेली ही काळजी मला आजही मोलाची वाटते.

पण त्याच काळजीपोटी घर कागदावरूनही पुसट झालं. मतदारयादीत हाउसमदर सापडते. मुलं तिथे असणारच नाहीत. समितीच्या इतिवृत्तात गाद्या, कोळसा, रंगकाम, रिकाम्या खाटा. १ एप्रिल १९७१ ला कौन्सिलांची मुलांसाठीची खाती, चिल्ड्रन्स डिपार्टमेंटं, नव्या समाजसेवा विभागांत विलीन झाली. पुढे घरं मिटत गेली. वॉरिकशरने तर १९८६ मध्ये आपलं शेवटचं बालगृह बंद केलं.

आणि जे बाहेरून दिसत नाही, त्यात वाईटही दडून राहतं. स्टॅफर्डशरच्या काही बालगृहांत १९८३ ते १९८९ या काळात मुलांना एकटं कोंडून ठेवलं जाई. 'पिनडाउन' म्हणत त्याला. १९९१ च्या लेव्ही-काहान चौकशी अहवालात ते सविस्तर आलं आहे. 'छोटंसंच तर घर' असं कुणी म्हणालं की मला ती मुलं आठवतात.

म्हणून माझं ठाम मत आहे: अशा घराचा खरा इतिहास मुलांच्या फायलींत आहे, आणि त्यावर पहिला हक्क त्या मुलांचा, म्हणजे आता पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांचा आहे. तुमच्या-माझ्याकडे लहानपणच्या गोष्टी सांगायला आई, मावशी, काका असतात. यांच्याकडे फाइल असते, नाहीतर काहीच नसतं. लिव्हरपूलमध्ये कौन्सिलच्या ताब्यात वाढलेल्या ग्रॅहॅम गॅस्किन यांना स्वतःची पूर्ण फाइल मिळेना. ते थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले. आपलं बालपण समजून घेण्यात माणसाचा महत्त्वाचा हितसंबंध असतो, हे न्यायालयाने १९८९ मध्ये मान्य केलं.

आज अशी फाइल मागायला सहसा पैसे लागत नाहीत. आता ती मुलाच्या वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत जपण्याचा नियम आहे, पण हा नियम येण्याआधीच्या कितीतरी फायली नष्ट झालेल्या असतात. मिळाली तरी इतरांची नावं काळ्या रेघांखाली झाकलेली येतात, कधीकधी सख्ख्या भावंडांचीसुद्धा. हे मला पटत नाही. एकाच खोलीत झोपलेल्या भावाचं नाव त्याच्या बहिणीपासून लपवून नेमकं कुणाचं रक्षण होतं?

तुम्ही एखाद्या घराचा शोध घेणार असाल तर अभिलेखागारात जरूर जा. पण त्याआधी तिथे राहिलेलं कुणी भेटतंय का ते पाहा, आणि हा इतिहास लिहिलेला त्यांना चालेल का, हे विचारा.