दुसऱ्या पुस्तकाची निवड

आमच्या पेठेतल्या वाचनालयात सभासदत्वाचे दोनच प्रकार आहेत, एका पुस्तकाचे आणि दोन पुस्तकांचे. मी गेली बावीस वर्षे दोन पुस्तकांची वर्गणी भरते आहे. पहिले पुस्तक निवडायला मला वेळ लागत नाही, कारण ते घरून ठरवूनच निघालेले असते. खोळंबा होतो तो दुसऱ्यापाशी. टेबलामागच्या काकू पहिल्याचा दाखल क्रमांक वहीत लिहितात आणि पेन तसेच अधांतरी धरून विचारतात, "आणि दुसरं?" मागे दोघेतिघे ताटकळत असतात. सुरुवातीची काही वर्षे मी या प्रश्नाला दबून हाताला लागेल ते उचलत असे आणि बहुतेक वेळा न उघडताच परत करत असे. वर्गणी दोन पुस्तकांची भरायची आणि वाचायचे एकच, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे हे पुढे केव्हातरी ध्यानात आले, आणि तेव्हापासून मी पहिल्या पुस्तकाकडे बघून दुसरे निवडू लागले.

हे आज लिहिण्याचे निमित्त म्हणजे माझी भाची. बाणेरला राहते, नोकरी करते आणि तरीही महिन्याला चारपाच पुस्तके सहज संपवते. तिचा निरोप आला, "मावशी, चांगल्या दहा पुस्तकांची यादी पाठव ना." मी यादी करायला बसले आणि थांबले. जो मुळातच भरपूर वाचतो त्याला यादीचा काय उपयोग? त्यातली निम्मी त्याने वाचलेली असतात आणि उरलेल्यांची नावे ऐकून तो कंटाळलेला असतो. त्याला उपयोग होईल तो कोणते पुस्तक कशाशेजारी ठेवून वाचावे, एवढे सांगण्याचा. म्हणून तिला मी जोड्या पाठवल्या. त्याच येथे थोड्या ऐसपैस लिहिते आहे.

पहिली जोडी अर्थातच 'व्यासपर्व' आणि 'युगान्त'. दुर्गा भागवतांचे पुस्तक १९६२ चे, इरावती कर्व्यांचे १९६७ चे. दोघींनीही समाजशास्त्राचे धडे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे घेतले आणि दोघीही महाभारतातल्या माणसांकडे वळल्या, पण एकीचा रस्ता दुसरीच्या रस्त्याला क्वचितच मिळतो. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या आणि त्यांच्या हाताशी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता, होती. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पुरे झाले, म्हणजे एका संहितेच्या शुद्धीसाठी सत्तेचाळीस वर्षे. त्या संहितेत जे नाही ते इरावतीबाई बाजूला सारतात आणि उरलेल्या सांगाड्यावर माणसे उभी करतात. दुर्गाबाईंना ओढ आहे ती व्यासांच्या प्रतिभेची. त्या महाभारत काव्य म्हणून वाचतात, आणि त्यांची भाषाही त्या काव्याशी सूर जुळवून घेते.

वाचताना मात्र अख्खे पुस्तक संपवून दुसऱ्याकडे जाऊ नये. दोन्ही पुस्तकांत द्रौपदी आहे. तेवढे दोनच लेख पाठोपाठ वाचावेत. भर सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा आपण सर्वांनी तिच्या तेजाचा पुरावा म्हणून लहानपणापासून ऐकलेला असतो. इरावतीबाई म्हणतात की ही तिची मोठी चूक होती. अशा वेळी पंडितेसारखा कायद्याचा कीस काढण्यापेक्षा तिने क्षत्रियधर्माला आवाहन करून दयेची हाक द्यायला हवी होती. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा इतकी संतापले होते की दोन दिवस पुस्तक हातात घेतले नाही. आजही मला ते मत पटत नाही, मात्र त्याला उत्तर देण्यासाठी सभापर्वाचे भाषांतर काढून वाचावे लागले, हेही खरे. आणि याच लेखिकेने त्याच लेखाच्या शेवटी हिमालयाच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी रंगवली आहे. मूळ कथेत भीम विचारतो, ही का पडली, आणि धर्मराज मागे वळूनही न बघता सांगतो की तिचे अर्जुनावर अधिक प्रेम होते म्हणून. इरावतीबाईंच्या कल्पनेत भीम मागे फिरतो, तिच्याजवळ बसतो, आणि पुढच्या जन्मी तूच थोरला भाऊ हो असे ती त्याला सांगते. इतकी कोरडी, करकरीत शिस्त पाळणाऱ्या बाईने ही एवढी जागा स्वतःला दिली. त्यानंतर लगेच दुर्गाबाईंची द्रौपदी उघडावी आणि तिथला आवाज किती वेगळ्या पट्टीतला आहे ते ऐकावे.

दुसरी जोडी मला योगायोगाने सापडली. गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पहिले सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणून प्रसिद्ध आहे, दुसरे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र. वरवर पाहता दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोन्ही एकाच पंधरवड्यात वाचली तेव्हा जाणवले की दोहोंत पाणी आहे, आणि पाण्याबरोबर सोवळे आहे.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडायला, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता प्रसंग लढाईचा नाही. झाशी पडल्यानंतर एका पहाटे विहिरीवर राणीची आणि भटजींची गाठ पडते. ते पाणी काढायला पुढे होतात, तर राणी त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नये, असे म्हणून स्वतः दोर हातात घेते आणि ओंजळीने पाणी पिते. राज्य गेले आहे, मागे इंग्रज आहेत, आणि तरीही पाणी कोणी काढायचे याचा विचार सुटलेला नाही. शेवटी हा गृहस्थ दक्षिणा तर लुटारूंना देऊन बसतो, पण गंगेच्या पाण्याची कावड मात्र आईवडिलांसाठी खांद्यावरून कोकणापर्यंत आणतो.

आता 'स्मृतिचित्रे' उघडावे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. हे घर पाण्याखाली अक्षरशः बुडालेले आहे, जे ते धुवून घ्यायचे. लक्ष्मीबाई हे सगळे इतक्या खेळकरपणे सांगतात की आपण हसत सुटतो आणि मग मध्येच वाटते की ही मुलगी या घरात कशी काय जगली असेल. त्याच मुलीने पुढे, नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरच्या कडवट वर्षांत, स्वतःच्या मनातले विटाळचांडाळ एकेक करून उपटून टाकले. झाशीच्या विहिरीवरचा प्रसंग ताजा असताना ही पाने वाचली, तर एकाच शतकातले दोन टप्पे डोळ्यांसमोर उभे राहतात.

गोडसे भटजींच्या बाबतीत आणखी एक सुचवते. हे पुस्तक स्वतःच स्वतःची जोडी आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते छापले, पण संपादताना मजकुरात बराच फेरफार केला. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते हस्तलिखित जपले गेले म्हणून आपल्याला ती वाचायला मिळते. विकत घेताना कोणती आवृत्ती आहे हे आधी प्रस्तावनेत बघून घ्यावे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात नुसते नाव सांगितले तर जी हाताशी असेल ती पुढ्यात येते.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही जोडी सुचवताना मला थोडा संकोच वाटतो, कारण दलित आत्मकथने एका गठ्ठ्यात बांधून ठेवायची वाईट खोड आपल्याकडे आहे. तरीही ही दोन शेजारी ठेवावीत, ती 'मी' या एका शब्दासाठी. 'बलुतं'मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसलेले आहेत आणि शिकलेल्याला न शिकलेल्याची लाज वाटते आहे. बेबीताईंच्या पुस्तकात 'मी' जवळजवळ सापडतच नाही, तिथे सगळे 'आम्ही' आहे. ज्या बाईने वीसेक वर्षे आपले लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवले, तिने लिहिताना मात्र स्वतःला वगळून अख्खा महारवाडा बोलता केला. आत्मचरित्र म्हणजे काय, असा प्रश्न पडलेल्या कोणाही वाचकाला मी याहून चांगली पाठ्यपुस्तके दाखवू शकत नाही.

'बनगरवाडी' (१९५५) आणि 'रारंग ढांग' (१९८१) यांच्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. एकात धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, दुसऱ्यात हिमालयात रस्ते बांधायला गेलेला तरुण इंजिनियर. दोघांनाही काहीतरी बांधायचे आहे. मास्तराची तालीम उभी राहते आणि दुष्काळ वाडीच रिकामी करतो. प्रभाकर पेंढारकरांच्या कादंबरीत काय होते ते ज्याने वाचले नसेल त्याला मी सांगणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे पुस्तक आधी घ्यावे, इतकेच.

क्रमाचे महत्त्व मला एका फसलेल्या जोडीने शिकवले. 'कोसला' आणि 'रणांगण' मी एका मे महिन्यात एकत्र आणली होती. दोन्हीकडे तरुण निवेदक आणि दोन्हीकडे न पुसणारे दुःख, तेव्हा जमेल असे वाटले. 'कोसला'तल्या, १९६३ च्या त्या पांडुरंग सांगवीकराबरोबर पुण्यातल्या वसतिगृहात चार दिवस काढले, त्याच्या बेरकी भाषेत मनसोक्त भिजले आणि मग विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मधल्या जहाजावर चढले. चक्रधराचे हर्टावरचे प्रेम मला नाटकी वाटू लागले. कादंबरी काही नाटकी नाही. १९३९ साली, युद्ध पेटण्याच्या उंबरठ्यावर, हिटलरच्या राज्यातून परागंदा झालेल्या ज्यू मुलीविषयी मराठीत इतके संयमाने कोणी लिहिले हेच नवल आहे. दोष माझ्या क्रमाचा होता. पांडुरंगाची टिंगल कानात घुमत असताना दुसऱ्या कोणाचे प्रेम खरे वाटणे कठीणच. दोन वर्षांनी 'रणांगण' एकटेच घेतले, मुंबईला जाता-येता डेक्कन क्वीनमध्ये संपवले, आणि शिवाजीनगरला उतरायचे भान राहिले नाही म्हणून पुणे स्टेशनावरून रिक्षा करावी लागली.

या दोन-दोनच्या हिशेबाबाहेर घरचे म्हणून एक पुस्तक असावे, जे संपवायचे नाही. माझे आहे दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र'. १९५६ चे हे पुस्तक मराठी महिन्यांच्या क्रमाने रचलेले आहे, तेव्हा ते तसेच वाचावे: चैत्र लागला की चैत्र, आणि मग वैशाखापर्यंत पुस्तक बंद. पाडव्याला सुरुवात केली तर फाल्गुनाला वर्ष भरते. मी हे नऊ वर्षे करते आहे. महिन्याचा लेख वाचला की त्या आठवड्यात एकदा तरी वेताळ टेकडीवर जायचे आणि आपल्याला त्यातले काय दिसते ते बघायचे. पहिल्या वर्षी मला गवत आणि झाडे, एवढेच दिसले. आता पळस पानझडीनंतर कळ्यांवर येतो तेव्हा तो लांबून ओळखू येतो, आणि बहावा केव्हा फुलेल यावर आमच्या सकाळच्या टोळीत पैजा लागतात.

टिपणांविषयी एवढेच की, वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नये. मी पोस्टकार्डाएवढा कागद दुमडून आत ठेवते, त्याच्या डाव्या अर्ध्यात पहिले पुस्तक आणि उजव्यात दुसरे. उजवी बाजू भरली नाही तर जोडी फसली असे समजायचे. अर्थात लोकांनी समासात लिहिलेले मी चवीने वाचते. आमच्या वाचनालयाच्या 'युगान्त'मध्ये द्रौपदीच्या त्याच वाक्यापाशी एकाने "छे!" असे लिहिले आहे आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात, "का छे?"

राहता राहिली श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत'. जगबुडीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ही कादंबरी १९८७ साली दोन खंडांत आली, त्यामुळे तिथे दुसरे पुस्तक निवडण्याचा प्रश्नच येत नाही, असे मला वाटले होते. गेल्या वर्षी पहिला खंड एका आठवड्यात संपवून मी धावत वाचनालयात गेले, तर दुसरा कपाटात नव्हता. कोणी नेला ते वहीत होते. त्या सभासदाला तीन पत्रे गेली, फोन झाले, त्याने घर बदलल्याचे कळले. मी आठ महिने वाट पाहिली आणि तेवढ्यात पहिल्या खंडातली निम्मी माणसे विसरले. मागच्या मंगळवारी काकूंनी मला दारातच हाक मारली. "ताई, तुमचा दुसरा खंड आला बरं का, आणून ठेवलाय." मी म्हटले, "काकू, मग पहिलाही द्या, परत सुरुवातीपासून वाचते." त्यांनी वही उघडली, बोट खाली सरकवत नेले आणि माझ्याकडे बघितले. पहिला खंड सोमवारी बाहेर गेला होता.