सातव्या प्रश्नाचं उत्तर

फाइलमध्ये उपचाराचा कागद एकच होता. खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवल्याची तारीख, स्क्रूचं माप, सही. हाड किती उरलं होतं, माप कशावरून ठरवलं, यातलं काहीच नाही. मी मुखशल्यचिकित्सक. ग्राहक आयोगापुढच्या तक्रारीत तज्ज्ञ म्हणून अभिप्राय द्याल का, असं रुग्ण बाईंच्या वकिलांनी विचारलं होतं. आधी विचारलेल्यांनी नकार दिला होता. पेशातल्या माणसाविरुद्ध लिहायचं नाही, ही आमच्यातली रीत मला मुळीच मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, पण जाणकारांनी तोंड उघडलं नाही तर रुग्णाने तिथे जाऊन सिद्ध काय करायचं?

बाई शिक्षिका आहेत. डोळे मिटायला सांगून ओठावरून, हनुवटीवरून कापसाची वात फिरवली आणि स्पर्श कळेनासा झाला तिथली हद्द पेनाने आखून फोटो काढले. अर्धा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. पाणी ओघळलं की पोरांच्या नजरेवरून कळतं, त्या म्हणाल्या.

मग ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, लाइटबॉक्सवर लावला. खालच्या जबड्याच्या हाडात एक नळी असते आणि ओठाची संवेदना नेणारी नस तिच्यातून जाते. इम्प्लांटचं टोक आणि नळी यांत निदान २ मिमी अंतर राखायचं, हे आम्ही शिकतो तेव्हापासून घोकतो. ओपीजीवर नळीच्या वरच्या हाडाची उंची १५ मिमी दिसत होती. पण ओपीजी चित्र मोठं करून दाखवतो, साधारण पाव पटीने. म्हणजे खरी उंची १२ मिमी, आणि सुरक्षित स्क्रू फार तर १० मिमीचा. बसवला होता १३ मिमीचा! शिवाय बऱ्याच ड्रिलचं टोक खुणेच्याही थोडं पुढे जातं, तेही हिशेबात धरावं लागतं. मी नव्याने सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घेतला. स्क्रूचं टोक नळीत उतरलेलं स्पष्ट दिसलं.

तरी माझ्या मते याहून मोठी चूक दुसऱ्या दिवशीची आहे. ‘ओठ अजून बधिर आहे’ असा बाईंचा सकाळचा मेसेज फोनमध्ये आहे, आणि ‘भूल उतरायला वेळ लागतो’ हे उत्तरही. खालच्या जबड्याची भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर रुग्णाला तातडीने बोलवायचं, एक्स-रे काढायचा आणि स्क्रू नळीत दिसला तर तो बाहेर घ्यायचा. नस सावरण्याची आशा सर्वांत जास्त असते ती पहिल्या एक-दोन दिवसांत. इथे महिनोन् महिने बी-१२च्या गोळ्या दिल्या आणि ‘येईल हळूहळू’ हा धीर. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. त्यातला बराच काळ या धीरातच गेला.

वकिलांना शेजारच्या दातातलं फिलिंगही तक्रारीत हवं होतं. ते नीट होतं, म्हणून मी लिहिलं नाही. नस दुखावली म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असंही मी लिहिलं नाही. नुसत्या अपघाताला निष्काळजीपणा म्हणता येत नाही, हे न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं आहे आणि मला ते पटतं. माप न घेणं आणि मेसेज उडवून लावणं, या दोनच गोष्टींवर मी बोट ठेवलं. समोरच्यांनी छापील संमतीपत्र पुढे केलं. बधिरपणा येऊ शकतो, असं त्यात लिहिलेलं आहे. ती संमती सांगितलेल्या धोक्याला होती, माप न घेण्याला नव्हती.

उलटतपासणी लेखी प्रश्नावलीवर झाली. सातवा प्रश्न: ‘दुसऱ्याच दिवशी इम्प्लांट काढलं असतं तर संवेदना निश्चितपणे परत आली असती का? होय किंवा नाही.’

खरं उत्तर ‘नाही’ हेच आहे. निश्चितपणे कोणालाच सांगता येणार नाही. मला छळतं ते हे की ज्याने ती वेळ घालवली, त्यालाच या अनिश्चिततेचा फायदा मिळायचा. नुकसानभरपाईचा सगळा दावा या एका दुव्यावर लटकतो आहे.

मी ‘नाही’ लिहिलं आणि त्याखाली, जागा नसताना, आणखी लिहिलं: ‘संधी किती होती हे आज सांगता येत नाही, कारण ती घेतलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला असता तर हा प्रश्न विचारावा लागला नसता.’ या जादा ओळी वगळाव्यात असा अर्ज समोरच्या वकिलांनी दिला आहे. त्यावर अजून निर्णय नाही.