सेंटर पॉइंटच्या पाच बॅचेस

वाळूजच्या एमआयडीसीत मी फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटला, म्हणजे औषधाची गोळी कशी बनवायची ते ठरवायच्या कामावर आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची 500 मिलिग्रॅमची एक्स्टेंडेड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. हे औषध पाण्यात साखरेसारखं विरघळतं. त्याला दहा तास धरून ठेवायचं ते एचपीएमसी के100एम या पॉलिमरच्या जोरावर. पाणी लागलं की गोळीभोवती जेलचं कवच धरतं आणि औषध त्यातून हळूहळू झिरपतं. कवच धरायला उशीर झाला, तर पहिल्याच तासात औषध भसाभस बाहेर पडतं. किती औषध बाहेर पडावं याच्या आमच्या मर्यादा होत्या पहिल्या तासाला 20 ते 40 टक्के, तिसऱ्याला 45 ते 65, दहाव्याला किमान 85.

बॉक्स-बेंकन डिझाइन लावलं, म्हणजे घटक कमी-जास्त करून कोणत्या बॅचेस करायच्या याचा संख्याशास्त्रीय आराखडा. पॉलिमर 20 ते 30 टक्के, बाइंडर (भुकटी चिकटवून धरणारा पदार्थ) आणि कॉम्प्रेशन फोर्स (गोळी दाबायचा जोर) असे तीन घटक, एकूण 17 बॅचेस. त्यातल्या पाच सेंटर पॉइंटच्या, म्हणजे तिन्ही घटक मधल्या पातळीवर ठेवलेल्या, तंतोतंत एकसारख्या. तीच बॅच पाचदा करणं अनेकांना उधळपट्टी वाटते. पण या पाचांत आपापसात जो फरक पडतो, तीच प्रयोगाची खरी मोजपट्टी. ती नसेल तर बाकीच्या बॅचेसमधला फरक घटकांमुळे पडला की असाच, हे कळायला मार्गच नाही.

बॅचेसचा क्रम सॉफ्टवेअर उलटसुलट करून देतं. आमचे ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, 20 टक्केवाल्या सगळ्या आधी उरकू, मग 25, मग 30. डोक्याला ताप नाही." काका कामाला चोख, पण हे मी ऐकलं नाही.

निकाल आले. पहिल्या दोन सेंटर पॉइंटचा पहिल्या तासाचा आकडा 32-33, नंतरच्या तिन्हींचा 40 च्या आसपास. तरीही सॉफ्टवेअरने 'लॅक ऑफ फिट', म्हणजे मॉडेल आकड्यांशी न जुळण्याचं प्रमाण, नगण्य ठरवला आणि मीटिंगमध्ये सगळे खूश झाले. मला याचा अजून राग येतो. त्या चाचणीत मॉडेलची चूक सेंटर पॉइंटमधल्या फरकाशी ताडून बघतात. तो फरकच एवढा मोठा असेल, तर कसलंही मॉडेल पास होणार! हेड म्हणाले, "शेवटचे तीन आउटलायर, म्हणजे चुकार आकडे, धरून काढून टाका, मॉडेल आणखी सुंदर दिसेल." पाचांतले तीन आउटलायर कसे असतील? स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर हाताशी आलं की लोक आकड्यांकडे बघणं सोडून रंगीत आलेखाकडे बघतात.

मी आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही सेंटर पॉइंटच्या गोळ्या विरघळण्याच्या चाचणीत फिरत्या पॅडलखाली लावल्या, 6.8 पीएचचा फॉस्फेट बफर, 37 अंश, आणि तासाभराने चिमट्याने बाहेर काढल्या. आधीच्या गोळीचं कवच नितळ, बुळबुळीत, बोटाने दाबलं तरी सलग. नंतरच्या गोळीवर बारीक खड्डे होते आणि कडेला पापुद्रे सुटत होते.

मग बॅच रेकॉर्ड उघडले. मधेच पॉलिमरचा जुना लॉट (एकाच वेळी बनलेला माल) संपला होता आणि स्टोअरने नवा दिला होता. दोन्हींवर 'अप्रूव्हड'चा हिरवा शिक्का. व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, दोन्हींची मर्यादेत, पण ती मर्यादाच 75,000 पासून 1,40,000 सेंटिपॉइजपर्यंत ऐसपैस. 100 मेशच्या चाळणीतूनही दोन्ही पास. मी त्याहून बारीक भोकांची 230 मेशची चाळणी लावली तेव्हा जुना लॉट सत्तर टक्क्यांच्या पुढे खाली उतरला, नवा जेमतेम पन्नास. नव्याचे कण जाडे. ते भिजायला वेळ लागतो, तोवर पाणी फटींतून आत शिरलेलं असतं.

काकांच्या क्रमाने गेलो असतो, तर लॉटचा हा फरक पॉलिमरच्या टक्केवारीच्या नावावर खपला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

दोन्ही लॉट घेऊन शेजारी शेजारी बॅचेस केल्या. 20 टक्क्यांवर फरक ठळक, 25 वर मध्यम, 30 वर जवळपास नाही. पॉलिमर भरपूर असलं की जाडे कणही कवच धरतात. हेडनी लगेच 30 टक्के पक्कं केलं. नियमाने बघितलं तर बरोबरच आहे. कुठलाही लॉट आला तरी गोळी पास होणार.

पण गोळी 930 मिलिग्रॅमवरून 1000 वर गेली. औषधच अर्धा ग्रॅम, ते दाबाला सहज दाद देत नाही, त्यामुळे बाकीचे घटक कमी करायला वाव नाही. आधीच मेटफॉर्मिनची गोळी मोठी. म्हातारी माणसं ती मोडून दोन घोटांत घेतात, हे घराघरांत बघायला मिळतं. गोळी मोडली की आतला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. मी अर्ध्या केलेल्या गोळ्या लावून बघितल्या, पहिल्याच तासाला 40 ची मर्यादा ओलांडली. म्हणजे लॉटपासून वाचायला पॉलिमर वाढवलं, आणि त्यानेच पेशंटला गोळी मोडायचं आणखी एक कारण मिळालं. लेबलवर 'मोडू नये, चावू नये' छापलेलं असतं, पण ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

25 टक्के ठेवून 230 मेशची अट कच्च्या मालाला घालावी, असा प्रस्ताव मी दिला. परचेसवाले म्हणाले, निवडून लॉट मागितले तर भाव चढेल. किती चढेल ते मी लेखी मागितलंय. तोवर 25 टक्क्यांच्या बॅचेसही स्टॅबिलिटीला, म्हणजे गोळी किती काळ टिकते त्या चाचणीला, सोबत ठेवायला लावल्या आहेत.