तेओदोर रूसोचं बार्बिझों आणि फाँतेनब्लोचं जंगल, जाणार असाल तर वाचा

पॅरिसला जाणारे आपले बरेच लोक लूव्र, आयफेल, व्हर्साय करून परत येतात. एक दिवस जास्तीचा काढता आला तर तो बार्बिझोंला (फाँतेनब्लोच्या जंगलाला लागून असलेलं छोटं गाव) द्याच असं मी सांगेन, आणि तेही शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या मिलेसाठी नाही (त्याच्यासाठी सगळेच जातात) तर तेओदोर रूसोसाठी. तो तत्त्वज्ञ रूसो वेगळा, हा चित्रकार, १८१२ चा जन्म, पॅरिसचा, आयुष्यभर झाडांची चित्रं काढली.

आधी लूव्र करा, मग जंगल. लूव्रमध्ये त्याचं फाँतेनब्लोच्या जंगलातल्या सूर्यास्ताचं मोठं चित्र आहे, त्याच्यासमोर नीट वेळ काढून उभे राहा. पुढे काळोखी झाडांची कमान, एक झाड पार वाकून दुसऱ्या बाजूला टेकायला आलेलं, आणि त्या कमानीतून पलीकडे गुरं, पाणी आणि मावळतीचा उजेड. जवळ गेलात की कळतं की पानांचा नुसता हिरवा गोळा केलेला नाही, फांदी कुठे फुटली, कुठे वाळली हे सगळं बघून केलंय. तिथेच आप्रमाँच्या (याच जंगलाचा एक भाग) ओकवृक्षांचंही चित्र आहे, ते १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात होतं. तोपर्यंत या माणसाने काय काय सोसलं ते बघा, १८३६ मध्ये सलोंने, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, त्याचं गाई डोंगरावरून उतरतानाचं भलंमोठं चित्र नाकारलं, पुढेही नाकारतच गेले, शेवटी त्याने चित्रं पाठवणंच बंद केलं ते थेट १८४८ च्या क्रांतीनंतर परत पाठवली. ते गाईंचं चित्र आज हेगला आहे, त्यात वापरलेल्या डांबरी रंगामुळे ते फार काळं पडलंय.

आता जायचं कसं. बार्बिझोंला रेल्वे स्टेशन नाही. पॅरिसच्या गार द लिऑन स्टेशनवरून फाँतेनब्लो-आवॉनची गाडी पकडायची, साधारण पाऊण तास लागतो, तिथून गाव दहा-एक किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी धरा किंवा चालायची सवय असेल तर जंगलातून चालत या. नाविगोचा (पॅरिस परिसरातल्या ट्रेन-मेट्रोचं कार्ड) आठवड्याचा पास काढला असेल तर ट्रेनचं वेगळं तिकीट लागत नाही, फक्त तो पास सोमवार ते रविवार असाच चालतो, गुरुवारी काढलात तर तोटा. म्युझियमच्या सुट्टीचा वार आणि दुपारची बंद वेळ आदल्या दिवशी बघूनच निघा.

गावात एकच मोठा रस्ता. गान यांची खाणावळ आता म्युझियम आहे, चित्रकार इथे राहायचे आणि भिंती, कपाटं जे सापडेल ते रंगवायचे, ती रंगवलेली कपाटं मला भिंतीवरच्या फ्रेम केलेल्या चित्रांपेक्षा जास्त आवडली. रूसोचं घरही याच रस्त्यावर. तो इथे १८४० च्या दशकाच्या शेवटी कायमचा आला आणि १८६७ मध्ये इथेच वारला.

रस्ता संपला की लगेच जंगल. आत शिरल्यावर एका दगडावर रूसो आणि मिले दोघांचे चेहरे असलेलं ब्राँझचं पदक बसवलंय, शाप्यू या शिल्पकाराने १८८४ मध्ये केलेलं. ते तिथे का आहे हे कळायला हवं. त्या काळी सरकार जुने ओक तोडून इमारती लाकडासाठी भराभर पाइन लावत होतं आणि रूसोला ते बघवत नव्हतं. १८४७ मध्ये त्याने पॅरिसजवळच्या सीन नदीतल्या क्रवासी बेटावरच्या झाडतोडीचं चित्र काढायला घेतलं, नाव दिलं 'निष्पाप बालकांची हत्या', बायबलमधल्या त्या प्रसंगावरून. १८५२ मध्ये त्याने तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारकडे अर्ज केला की चित्रकारांच्या आवडीचे भाग तरी तोडू नका. १८५३ मध्ये सहाशेहून जास्त हेक्टर बाजूला काढले, १८६१ च्या हुकुमाने १०९७ हेक्टर, निव्वळ सौंदर्यासाठी राखलेले. अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२ चं आहे, म्हणजे हे त्याच्याही आधीचं! मला रूसोचं हे काम त्याच्या कुठल्याही चित्राइतकंच मोठं वाटतं.

आप्रमाँची घळ नक्की करा. दगडांमधून वाळूची वाट आहे, चपला नको, पकड असलेले बूट घाला. दनकूर नावाच्या माणसाने १९व्या शतकात आखलेल्या वाटांवर निळ्या खुणा आहेत त्या बघत चला. आत पाणी, खाणं काही मिळत नाही. उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात, फुल पँट घाला आणि परत आल्यावर पाय तपासा. मी ऑक्टोबर सुचवेन, पानं रंगलेली असतात आणि ऊन तिरपं येतं, त्याच्या चित्रांतल्यासारखं. चित्रात आहे तसं मोकळं माळरान शोधू नका, गुरं चरणं थांबल्यावर बरीच झाडी वाढलीय.

वेळ उरला तर शेतांमधून शाय्यी गावापर्यंत चाला, अर्धा तास लागतो, तिथल्या दफनभूमीत रूसो आणि मिले शेजारीशेजारी आहेत. परतीची टॅक्सी मात्र सकाळीच ठरवून ठेवा, संध्याकाळी मिळणं कठीण जातं.