तुम्ही विचारलंत म्हणून: साड्यांच्या घड्या दरवर्षी कशाला मोडायच्या?

दसरा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. "रेशमी साड्या वर्षातून दोनदा नेसल्या जातात. त्या बाहेर काढायच्या, वारा द्यायचा, घड्या बदलायच्या, एवढा खटाटोप कशाला? सरळ ड्रायक्लीनला टाकल्या तर?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा हळू आवाजात: "याला स्वतःसाठी वेळ काढणं कसं म्हणायचं? हे तर आणखी एक काम."

आधी ड्रायक्लीनचं. तेला-तुपाचा डाग असेल तर साडी जरूर द्या, ते रसायन तेलकटपणा छान काढतं. पण घामातलं मीठ, सरबतातली किंवा बासुंदीतली साखर त्यात विरघळत नाही. डाग दिसेनासा झाला म्हणून साडी कपाटात जाते आणि काही महिन्यांनी तिथेच पिवळट-तपकिरी ठिपका वर येतो. म्हणून देतानाच डाग कुठे आहे आणि कशाचा आहे, ते सांगा. परत येते ती कडक इस्त्रीची, प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी त्याच दिवशी काढा, आत दमटपणा कोंडतो. आणि घडी? ती बहुतेक वेळा पहिल्याच रेषांवर घातलेली असते.

सगळं दुखणं त्या रेषांचं आहे. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार, रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. तीच तार त्याच जागी महिनोन् महिने दुमडलेली राहिली, वर दहा साड्यांचा भार पडला, की ती चिरते आणि तिच्याखालचं रेशीमही तुटतं. पैठणीचा पदर जरीने भरलेला, म्हणून चीर आधी तिथे जाते. एकदा गेली की रफू करणाऱ्याकडेही फार उपाय उरत नाही. आपण "घडी मोडली" म्हणतो ते साडी पहिल्यांदा नेसल्यावर. न नेसलेल्या साडीची घडी मोडण्याची गरज त्याहून जास्त असते. दर तीन-चार महिन्यांनी, निदान पावसाळ्याआधी आणि नंतर तरी.

ऑक्टोबरचं ऊन त्यासाठी उत्तम. सकाळी अकरानंतर हवा कोरडी होते. गाद्या, गोधड्या, स्वेटर यांना खुशाल ऊन दाखवा. रेशमाला मात्र सावलीतला वाराच हवा, कारण उन्हाने रंग उडतो आणि धागा कुजका होतो.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एका बैठकीला चारच साड्या काढा. एका रविवारी अख्खं कपाट पलंगावर ओतलं की संध्याकाळी कंबर धरते आणि शेवटच्या दहा साड्या जशाच्या तशा आत जातात. चार साड्यांना पाऊण तास पुरतो. हात धुऊन कोरडे करायचे, क्रीम-तेल लावायचं नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं, कारण नक्षीत अडकून धागा ओढला जातो. दोन्ही हात साडीत गुंतलेले असले की फोन उचलता येत नाही, दुसरं काही करता येत नाही. घरातल्या बाईच्या वाट्याला अशी पाऊण तासाची दुपार फार कमी वेळा येते. ती मनापासून घ्यावी.

पलंगावर धुतलेली चादर पसरा आणि त्यावर साडी पूर्ण उलगडा. डोळ्यांच्या आधी तळहात फिरवा. जुन्या घडीची रेष बोटाला उंचवट्यासारखी लागते. जिथे ती खरखरीत लागते, तिथे जरीची तार सुटायला लागली आहे, तिथे आता घडी नको. आधी चार पदरी घडी असेल तर या वेळी तीन पदरी घाला. जर आतल्या बाजूला, पदर मध्ये, आणि जरीवर जर घासू नये म्हणून मधे मलमलीची पट्टी. दुमडीच्या आत जुन्या धोतराची सैल गुंडाळी ठेवली की रेष धारदार होत नाही. घडीवर हात दाबून फिरवू नका.

बांधायला मऊ सुती कापड घ्या, पण त्यातली खळ धुऊन गेलेली हवी. खळीवर कसर लवकर येते. फळीवर वर्तमानपत्र नको. साडीच्या पोटात ब्लाऊज ठेवायची सवयही सोडा: पावसाळ्यात हुकं गंजतात आणि गंजाचा डाग रेशमातून सहजी निघत नाही. पदरात विसरलेली पिनही तेच करते.

डांबरगोळ्या साडीला लागू देऊ नका. पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा आणि त्याच कपाटात कापूर ठेवू नका, दोन्हींची वाफ एकत्र आली की ओल सुटून डाग पडतात. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधले तरी चालतं. तान्ह्या बाळाचे कपडे मात्र डांबरगोळ्यांत ठेवूच नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात.

पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरा, ती धाग्यात आणखी घुसते. साडी गॅलरीत सावलीत पूर्ण वाळवा, नाकाला रुमाल बांधा आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. वास जायला दोन दिवस लागतात. काळे ठिपके पडले असतील तर जाणकाराकडेच द्या.

फॉलची कड चुण्या पडून वर ओढली गेली असेल, तर फॉल न भिजवता लावला होता असं समजा. उसवून काढा. नवा फॉल रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवून इस्त्री करा आणि मग साडीच्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक टाके घाला.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. फळ्या पुसल्यावर दारं तीन-चार तास उघडी ठेवा. प्रत्येक बांधणीवर कागदाची चिठ्ठी खोचा: साडी कोणती, घडी कोणत्या महिन्यात बदलली, तीन पदरी की चार. लिहायचं पेन्सिलीने, कारण दमट हवेत शाई कापडाला लागते.