ठसका आणि उजवी वाट

आज सकाळी पोहे खाता खाता बोलण्याच्या नादात मला जोराचा ठसका लागला आणि ‘कुणीतरी आठवण काढली’ असे म्हणत आईने पाण्याचा पेला पुढे केला. खरे कारण घशात होते, कारण तिथे अन्नाची आणि हवेची वाट काही अंतर एकच असते. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते (गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळल्यास ते जाणवते), एपिग्लॉटिस नावाची कूर्चेची पातळ झडप त्याच्या तोंडावर झुकते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. बोलताना मात्र हीच वाट उघडी असते.

स्वरयंत्राखाली सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका असते. तिच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला अपुऱ्या असल्यामुळे पाठीमागच्या अन्ननलिकेला घासागणिक फुगायला जागा मिळते, आणि ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. पुढे तिला दोन फाटे फुटतात. त्यांपैकी उजवा अधिक रुंद आणि उभट असल्याने मोठ्या माणसांत आत ओढला गेलेला दाणा बहुधा उजवीकडेच अडकतो. माझा शेंगदाणा सुदैवाने तेवढा खोल गेला नव्हता. खोकल्यासरशी तो थेट समोरच्या वर्तमानपत्रावर येऊन पडला.